पाठीमागची नाडी

रेडीमेड कपड्यांचा मला राग आहे. शिवणीच्या आत बोटभर कापड सोडायला यांचं काय जातं? आपल्याकडे ब्लाउज शिवताना आत जास्तीच्या टिपा मारून ठेवतात. बाई अंगानं भरली की एक टीप उसवायची, झालं काम. इथे ऑन्टारिओतल्या लंडनमध्ये आमच्या मंडळातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज मी बेसमेंटमध्ये बसून शिवते, त्यामुळे शेजारीण तिच्या मुलीचा ड्रेस घेऊन माझ्याकडे आली यात नवल नव्हतं.

शेजारीण कोलंबियाची. त्यांच्यात मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की आपल्याकडच्या लग्नासारखा थाट असतो. हॉल, केक, नाच, आणि जमिनीवर लोळणारा झगा. झगा निळा, सुरेख होता, पण पाठीची चेन काही केल्या लागत नव्हती.

"सैल करायचा ना?" मी विचारलं.

"नो, नो! ती बारीक होईल. तू फक्त खालून आखूड कर," ती म्हणाली आणि पिशवीतून मुलाची सुटाची पँट काढली. "ही मात्र कमरेत लूज कर. जिमला जातो ना, बॉय आहे, खाणारच."

दोन्ही कपडे माझ्या एकाच टेबलावर पडले होते. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझं मात्र डोकं तापलं.

रविवारी पँट द्यायला गेले तेव्हा ते जेवायला बसले होते. आजी नातवाच्या ताटात भात, राजमा, मटण आणि तळलेली केळी रचत होती. नातीपुढे काकडी आणि लेट्यूस. शाळेत हेल्दी खाण्याबद्दल शिकवतात, तेच खाते, असं मुलगी मला म्हणाली. त्या पाल्याकडे बघून आजीनं नाक मुरडलं आणि केळ्याचा एक तुकडा हळूच तिच्याकडे सरकवला. आईनं तो उचलला आणि मुलाच्या ताटात टाकला. त्यानं तो खाल्लासुद्धा! मला नागपूरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. भावाला वाढताना 'वाढीचं वय आहे', आणि मला वाढताना 'पुरे आता, उद्या लग्न करायचंय'.

त्यानंतर मला चैन पडेना. पोळ्या लाटताना, ग्रोसरीच्या रांगेत, कामावरून घरी येताना तेच डोक्यात. बोलावं का? पण मी कोण सांगणारी? माझा पाय मोडला होता त्या विंटरमध्ये हिनंच माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला होता. तोंड उघडलं तर शेजार तुटणार. म्हणून तोंड मिटून हात चालवले. झग्याची चेन काढून टाकली, दोन्ही बाजूंना ओळीनं काजं करून मधून सॅटिनची नाडी ओवली आणि मागे त्याच रंगाची पट्टी जोडली. आपल्या चोळीला असते तशीच सोय. आता पोरगी कितीही खावो.

ट्रायलला मुलगी एकटीच आली. आई ग्रोसरीहून परस्पर इकडे येणार होती. झगा अंगात सर्रकन गेला, मी मागे नाडी बांधली. तिनं आरशात समोरून पाहिलं आणि टुणकन उडी मारली.

"आंटी, इट वर्क्ड!" ती इंग्रजीत भडाभडा बोलायला लागली. सकाळी काही खात नाही, शाळेतला लंच मैत्रिणीला देते, घरी फक्त सॅलड. अजून थोडे दिवस असंच केलं तर ड्रेस चक्क सैल होईल. बोलता बोलता तिचा तोल गेला आणि तिनं टेबल धरलं. मी तिचा हात पकडला तर तो गारठलेला.

मला वाटलं होतं की मी तिला सोडवलं. मी तर तिच्या उपाशी राहण्याला बक्षीस दिलं होतं.

तिला खाली बसवलं, झगा उतरवून घेतला आणि उलटा करून तिच्यापुढे धरला. पट्टी दाखवली, काजं दाखवली. "तू बारीक झाली नाहीस," मी म्हटलं, "मी ड्रेस मोठा केलाय. कापड माणसासाठी असतं, माणूस कापडासाठी नाही."

ती त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी अजून फॅटच आहे?"

शहाणपणाचं बरंच काही मला सांगता आलं असतं. पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तू भुकेली आहेस," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. आधी नाही म्हणून, मग हो म्हणून. "ऑल द टाइम, आंटी," ती म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली.

वर बेल वाजली. तिची आई आली होती. मला भीती वाटत होती, खूप. पण झगा तसाच उलटा हातात घेऊन मी जिना चढले.