खाली गेलेला मंगळवार

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मला ढिगाऱ्याखालून जिवंत काढलं. आईनं तिथंच मातीत बसून माझ्या नावानं माहूरच्या रेणुकेचा मंगळवार बोलला. दिवसभर निरंकार राहायचं आणि संध्याकाळी दिवा लावून जेवायचं. काही वर्षं मी तो मनापासून पाळला. पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लासेस झाले, मी गणित शिकवू लागलो, पहाटे पाचपासून बॅचेस. एका मंगळवारी भोवळ येईल म्हणून टपरीवर पोहे खाल्ले. पुढच्या मंगळवारी भोवळ नव्हती, तरी खाल्ले. मग ते नेहमीचंच झालं. आई मात्र संध्याकाळी "दिसभर उपाशी हाय लेकरू" म्हणत गरम भाकरी टाकायची आणि मी ती खाली मान घालून खायचो.

माझी बायको सुनंदा सात महिन्यांची गरोदर असताना तिच्या अंगावरून थोडं रक्त गेलं. सोनोग्राफीला मी सोबत गेलो नाही. बॅच होती, आईला पाठवलं. डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा सुनंदा पडद्यामागे साडी सावरत होती. ऐकलं ते आईनं. घरी येताच ती उंबऱ्यातच बसली.

"बाई म्हणली, वार खाली हाय."

आमच्याकडे रिकाम्या घागरीलाही खाली घागर म्हणतात आणि न पाळलेला उपासही खाली जातो. आईनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "तुझा मंगळवार चालू हाय न्हवं?"

मी तिचे पाय धरले आणि पोह्यांचं सगळं सांगितलं. सोनोग्राफीचा कागद पिशवीत होता. इंग्रजी वाचता येणारा घरात मी एकटा, पण मी तो उघडला नाही. आपला अपराध आपल्याला आधीच ठाऊक असला की कागद वाचावासा वाटत नाही. बाईंनी सुनंदाला झोपवून ठेवायलाही सांगितलं होतं. आई म्हणाली, "आधी देवीची वटी भरू, मग झोपू दे."

मंगळवारी पहिल्या एसटीनं आम्ही नांदेडला निघालो. तिथून माहूरची गाडी धरायची होती. "मला बरं वाटंना, पडू द्या मला," असं सुनंदा वाटेत दोनदा म्हणाली. मी तिच्यावरच डाफरलो, "तुझ्यासाठीच चाललंय हे."

नांदेडच्या स्टँडवर एक वयस्क मुसलमान बाई बांगड्यांची पेटी मांडून बसली होती. येणारे-जाणारे तिला चुडीवाली खाला, म्हणजे मावशी, म्हणत होते. आई तिच्याकडं ओटीसाठी हिरव्या बांगड्या घ्यायला गेली आणि बोलता बोलता वार खाली गेल्याचं सांगून बसली. खालानं पेटी धाडकन मिटली.

"अगं माय! खाली म्हंजे रिकामा न्हाई, खाली म्हंजे नीचे! वार, बाळाची वार! ती पोराच्या वाटंत आडवी आलीय. माझी सून अशीच गेली, अशीच गाडीत बसवली व्हती मीच." मग माझ्याकडं वळून, "तू काय करतो रे?"

"मास्तर आहे."

"आन् हे तुला म्हाईत न्हाई? चुड्या मी देत न्हाई जा. आधी दवाखाना!"

मी तिथंच उभ्यानं कागद उघडला. सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. वाचून मान वर केली तर सुनंदाच्या पावलांवर रक्त उतरलेलं. खालानंच हाका मारून रिक्षा थांबवली.

दवाखान्यात रक्त थांबलं. पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, धोका टळलेला नाही, आता दिवस भरेपर्यंत हलायचं नाही. आईचा जीव मात्र माहूरच्या गाडीत अडकलेला. "निदान घरी जाताना माहूरवरनं..." एवढंच ती म्हणाली, तर सुनंदा पडल्या पडल्या ताडकन बोलली, "मी न्हाई हलणार, आत्या. देवीला वटी पायजे तर तिनं यावं इथं."

आईनं कानांवर हात ठेवले. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा मनात देवीशी भांडलो. पोहे मी खाल्लेत. त्यासाठी पोटातल्या जिवाला हात लावणार असशील तर तुझा माझा संबंध संपला.

दुपारी दारात खाला उभी. हातात आमची ओटीची पिशवी. घाईत स्टँडवरच राहिली होती.

"इसरून आला नव्हं? आन् ह्या चुड्या. सकाळी न्हाई म्हणले, आता घे पोरी." तिनं सुनंदाच्या सुजलेल्या हातात त्या अलगद चढवल्या. एकही फुटली नाही.

आई किती तरी वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं पिशवीतला खण आणि नारळ काढून तिच्यापुढं धरला. "माझी कसली वटी भरती गं!" खाला हसली, आणि हसत हसतच तिनं पदर पसरला.

पाच आठवड्यांनी सिझेरियन झालं. मुलगी झाली, सुनंदाही वाचली. ती मुलगी आज माझ्या खांद्याला लागते आणि माझ्याहून जास्त भांडते.

दारात कोण आलं होतं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आईचं तिच्यापुरतं ठरलेलं आहे. मला एवढंच उमगलं की माझा पश्चात्तापही गर्वच होता. सगळं माझ्यामुळं घडतंय असं धरून मी कुणाचं ऐकायचंच सोडलं होतं. शरण जायला आधी "मला कळलं नाही, पुन्हा सांगा" म्हणता यावं लागतं.

मंगळवारी मी आता उपास करत नाही. देवीला तसं तोंडावर सांगितलंय. त्या सकाळी बॅच घेत नाही, पोहे खाऊन लातूरच्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसतो. खेड्यातून आलेल्या बायाबापड्यांना त्यांच्या हातातले कागद वाचून दाखवतो, शंका आली तर त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरांच्या दारात उभा राहतो. तेव्हापासून माझा एकही मंगळवार खाली गेलेला नाही.