दहा भोकांचा मोबाईल

आमच्या आतोबांच्या घरात शिरलेली एकही वस्तू कंपनीने बनवली तशी उरलेली नाही. पंखे तपासायच्या नोकरीतून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काही निवृत्त झाला नाही. चारकोपच्या त्यांच्या दोन खोल्यांत मिक्सरला पंख्याचा रेग्युलेटर आहे, आणि देवघरातला दिवा कोणी समोर उभं राहिलं की आपोआप लागतो. “देवाला एकट्याला उजेड कशाला?” हे त्यावरचं त्यांचं स्पष्टीकरण. मी बोरिवलीहून त्यांच्याकडे गेले की चपला काढायच्या आधी आत्याला विचारायची, “आज कशाला हात लावायचा नाही?”

तीनेक वर्षांपूर्वी काचबिंदूने आत्याची नजर अधू होत गेली आणि तिचं मोबाईलशी बिनसलं. गुळगुळीत काचेवर बोट टेकलं की फोन भलतीकडेच लागायचा. एकदा पलीकडे मीच आहे असं समजून ती प्लंबरला लोणच्याची कृती सांगत होती, आणि तो बिचारा पाच मिनिटं “हो मावशी, हो मावशी” करत होता. त्यानंतर तिने मोबाईलला हात लावणं सोडलं. आतोबांनी दोन दिवस तिचा मोबाईल उलटसुलट करून पाहिला. तिसऱ्या दिवशी गोवंडीच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी चकती फिरवायचा जुना काळा फोन आणला. वजनाला पाट्यासारखा. “काचेवर बोटाला काय कळणार?” ते मला म्हणाले. “इथे भोक आहे. बोट अडकतं. मोजलं की आकडा सापडतो.”

पुढचा महिनाभर त्या घरात जेवणं मांडीवर ताट घेऊन झाली, कारण टेबलावर फोनची आतडी पसरलेली होती. आतोबांनी त्याच्या पोटात सिमकार्ड बसवलं, बॅटरी बसवली, चकतीचे टकटक ठोके मोजणारं एक सर्किट बसवलं. घंटा आधी डासासारखी गुणगुणली; दुरुस्तीनंतर ती अशी वाजली की खालच्या मजल्यावरचे लोक जिना चढून आले. मग चाचणी म्हणून फोन नायलॉनच्या पिशवीत घालून ते सगळीकडे न्यायला लागले. दवाखान्यात नंबर लावून बसलेले असताना पिशवी खणखणली, तशी कंपाउंडरने गोळ्यांची बाटलीच पाडली. “हलवता येतो तो मोबाईल,” आतोबा शांतपणे म्हणाले, “हा बघ, हलवला.” गॅस नोंदवायला फोन केला तर पलीकडची बाई म्हणे, मराठीसाठी एक दाबा. यांनी एक फिरवला. ती पुन्हा म्हणाली, एक दाबा. शेवटी आतोबा ओरडले, “अहो बाई, चारदा फिरवला! तुम्ही मोजा तरी!” ज्यांच्या नंबरात आठ, नऊ, शून्य जास्त त्यांच्यावर तर त्यांचा रागच, कारण चकती परत यायला वेळ लागतो. मला म्हणाले, “तीन शून्यं? यार, नंबर बदल तुझा. तोवर माणूस मरेल.” मी खूप हसले होते.

गेल्या महिन्यात एका सकाळी अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. आत्या होती. “अगं, हे बाथरूममध्ये पडलेत. आतून कडी आहे. उठताच येत नाही म्हणतात. मजल्यावर सगळ्यांची कुलपं आहेत, मला जिना उतरवत नाही.” मी त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनला फोन केला आणि रिक्षात बसले. चारकोपपर्यंत मी काय काय नवस बोलले ते आता आठवतही नाही.

पोचले तेव्हा वॉचमनने सुतार आणून दार उघडलं होतं. आतोबा पंचा गुंडाळून स्टुलावर बसले होते, पाय सुजलेला, चेहरा पांढराफटक, आणि सुताराला कडी कशी असायला हवी होती ते समजावत होते. त्यांना बोलताना पाहून मी भिंतीला टेकून खालीच बसले. मग आत्याने सांगितलं, माझा नंबर तिसऱ्या खेपेला लागला होता. दाराआडून आतोबा चकतीचे ठोके ऐकत होते. “सात गेला! आठ हवा. ठेव, पुन्हा फिरव!” आणि आत्या इकडून, “तुम्ही गप पडून राहा! मला मोजू द्या!”

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून “हाड शाबूत आहे, नुसता मुरगळलाय” म्हटलं, तेव्हा इतका वेळ ताठ उभी असलेली आत्या बाकावर बसली आणि रडली. “अगं, पाय माझा मुरगळलाय ना?” आतोबा पुन्हापुन्हा म्हणत होते, आणि पदर सापडेना म्हणून तिचे डोळे स्वतःच्या बाहीने पुसत होते.

आठवड्याने मी पुन्हा गेले. आतोबा बँडेज बांधलेला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून गॅलरीत एकटेच बसले होते. आत आत्या फोनवर देवगडच्या बहिणीशी बोलत होती.

“कोणी लावून दिला?” मी विचारलं.

“तिचा तिनेच. रोज लावते आता. अर्धा अर्धा तास चालतं.” त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. मग म्हणाले, “आधी दिवसातून दहादा हाक मारायची. अहो, हिला लावून द्या, अहो, तिला लावून द्या.”

“मग बरंच झालं की, आतोबा.”

“बरंच झालं. झकास झालं.”

आत आत्या कशावर तरी खळखळून हसली. आतोबांनी क्षणभर कान दिला, मग पाय हळूच खाली घेऊन ती खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“तू बस जरा,” ते म्हणाले. “घाई नाही ना?”