तहानलेल्या काकू

काकूंना तहान अशी लागायचीच नाही, आणि तरी अंबरनाथपासून वांगणीपर्यंत त्यांनी पाणी मागितलं नाही अशी गल्ली शोधून सापडणार नाही. "बाई, वाईच पाणी देतेस?" एवढंच म्हणायच्या आणि उंबऱ्यापाशी टेकायच्या. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यांचं नाव 'तहानलेल्या काकू' ठेवलं ते यावरूनच. पोरांना कारण माहीत नव्हतं. मला होतं, कारण सकाळच्या शिकवण्या उरकल्या की माझ्याच स्कूटरच्या मागे बसून त्या हिंडायच्या.

हीच बाई आधी कुणाकडचं पाणी पीत नव्हती हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. लग्नाला निघाल्या की पिशवीत स्वतःचा तांब्या. हळदीकुंकवाला गेल्या तरी पन्हं नको, पाणी नको, ओटी भरली की चालल्या. "दुसऱ्याच्या माठात कुणाचा हात बुडालाय, आपल्याला काय ठाऊक?" असं तोंडावर सांगायच्या, आणि तेही चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. संगमेश्वराकडच्या त्या, लहानपणापासून डोंगराच्या या अंगाहून त्या अंगाला हाका मारायची सवय. लिफ्ट अडकली तर वॉचमनला फोन लावावा लागत नसे, काकू गॅलरीत आल्या की काम होई. अंबरनाथ पूर्वेत त्यांचा अख्खा संसार झाला, पण रूळ ओलांडून पलीकडे त्या क्वचितच गेल्या. उल्हासनगर म्हणजे त्यांच्या लेखी परदेश होता.

काका कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मग त्यांचं विसरणं सुरू झालं, आणि विसरता विसरता ते नेमके निवृत्त झाल्याचंच विसरले. सकाळी उठून दाढी करायचे आणि म्हणायचे, "डबा झाला का? ड्युटी आहे." काकूंनी कधी वाद घातला नाही. त्या रोज खरा डबा भरून द्यायच्या, पोळी-भाजी आणि वर लोणच्याची फोड. काका कारखान्याच्या गेटपर्यंत जायचे, ओळखीचा वॉचमन "साहेब, आज सुट्टी" म्हणून परत पाठवायचा, आणि मग दोघं घरी बसून तोच डबा खायची. डब्याची कडी सैल झाली होती. ती जिन्यात खुळखुळली की आम्ही म्हणायचो, काका ड्युटीवरून आले. एका सकाळी कडी खाली जाताना वाजली आणि वर येताना वाजली नाही.

पोलिसांत तक्रार दिली. बिल्डिंगमधल्यांनी काकांच्या फोटोची पत्रकं छापून स्टेशनांवर चिकटवली. पुण्याहून मुलगा आला, धावाधाव केली, रजा संपल्यावर परत गेला. त्याला दोष देत नाही, त्याचीही नोकरी होती. जाताना म्हणाला, "आई, पोलीस शोधतायत ना, तू घरी बस." काकू म्हणाल्या, "त्यांच्यासाठी ती केस आहे, बाबा. माझ्यासाठी नाही." दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी उभ्या. "शुभा, तुझी गाडी मला त्या उल्हासनगरात नेईल?"

पहिल्या दिवशी आम्ही जिथे तिथे फोटोच पुढे करत होतो. लोक अर्धी नजर टाकत आणि मान हलवत. ऊन टळटळीत होतं, काकूंच्या पिशवीतला तांब्या रिकामा झाला, आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका बराकीपाशी त्यांना घेरी आल्यासारखं झालं. दारातल्या सिंधी आजींनी त्यांना हाताला धरून आत नेलं. आजींनी आधी भाजलेला पापड पुढे ठेवला, मग पाणी. काकू ग्लासाकडेच बघत होत्या. "खाली पानी नहीं पीते, पापड खाओ पहले," आजींनी दटावलं. आयुष्यात पहिल्यांदा काकूंनी परक्या माठातलं पाणी घेतलं. ते पोटात गेल्यावर फोटो निघाला, आणि आजींनी सुना बोलावल्या, शेजारच्या ब्लॉकमधले शिलाईवाले बोलावले, झुलेलालच्या देवळात लंगर वाढणारा माणूस बोलावला. सगळ्यांनी तो फोटो नीट, हातात घेऊन बघितला. काका तिथे कुणी पाहिले नव्हते. पण बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "आता कळलं गं. उभ्या माणसाला लोक नाही म्हणतात. बसलेल्या माणसासाठी आठवून बघतात."

तेव्हापासून आधी पाणी, मग फोटो, असा त्यांनी नियमच केला. आणि ज्या बाईला रुळापलीकडचं जग ठाऊक नव्हतं, तिला कुठल्या वस्तीत पाणी कसं देतात हे पाठ झालं. जीन्स शिवणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या पोरांच्या खोलीत पाण्याआधी गुळाचा खडा मिळायचा. "अम्मा, सूखा पानी कैसे दें," म्हणत एकाने मशीन थांबवून गूळ फोडला. जुन्या क्वार्टर्समधल्या तमिळ पाटीने, म्हणजे आजीने, लोटा दिला आणि ओठ न लावता वरून प्यायला खुणावलं, तर काकूंनी अर्धं पाणी साडीवर सांडलं आणि दोघी म्हाताऱ्या हसल्या. किती दिवसांनी हसताना बघत होते मी त्यांना. लगेच पदराने तोंड पुसलं आणि फोटो काढला. पाटीने हसू आवरून तो कितीतरी वेळ डोळ्यांपाशी धरला आणि नाही म्हणाली.

एका खाटीकगल्लीत मात्र मी मनात म्हटलं, आता काकू मागे फिरणार. संकष्टीचा दिवस, त्यातून दाराशी लोंबणारं मटण. घरातली बाईच संकोचून म्हणाली, "खाला, हमारे यहाँ का चलेगा आपको?" काकू उंबऱ्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "माझा माणूस तुमच्याकडचं जेवला असेल तर मला पाणी का नाही चालणार? दे." घटाघटा प्यायल्या. ग्लास परत देताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, ते तिथेही म्हणाल्या, "भरलेला राहो गं बाई तुझा हंडा." सुरुवात खणखणीत आणि शेवटचा शब्द हळूच खाली आलेला, गावाकडच्या बायका म्हणतात तसा. त्या घरातल्या धन्याने आपणहून दोन मशिदींत चौकशी केली आणि मला फोन करून कळवलं की नाहीत.

नाहीत, नाहीत, नाहीत. आठवडे उलटले तसा हा शब्द मला सोसेना. काकू प्रत्येक 'नाही' घेऊन पुढच्या दाराकडे वळायच्या. बदलापूर गावात एका आगरी म्हातारीने विचारलं, "कवा गेलाय गो तुझा घो?" आणि सांगितल्यावर ती काकूंच्या पाठीवर हात फिरवत बसली. ते मला कुठल्याही नकारापेक्षा वाईट वाटलं. सरकारी दवाखान्यामागच्या त्या थंड खोलीतही आम्ही जाऊन आलो. चादर वर झाली, काकूंनी बघितलं, मान हलवली. बाहेर नळ होता. तिथे मात्र त्यांनी पाणी घेतलं नाही.

रात्र झाली की त्यांच्या घरातून भांड्यांचा आवाज यायचा. सकाळच्या डब्याची तयारी. रोज डबा होत होता. तो घेऊन आम्ही निघायचो, कुठेतरी झाडाखाली बसून खायचो. "मिळाले तर भुकेले असतील," म्हणून काकू एक पोळी नेहमी मागे ठेवायच्या. संध्याकाळी ती कुत्र्याला जायची.

वांगणीला गेलो तेव्हा दिवस कलला होता आणि आम्ही दोघी थकून गेलो होतो. स्टेशनच्या खांबावर आमच्या बिल्डिंगने चिकटवलेल्या पत्रकावर स्वस्त फ्लॅटची जाहिरात बसली होती, खाली काकांची फक्त हनुवटी दिसत होती. तिथे एका गल्लीत ज्यांना दिसत नाही अशी बरीच कुटुंबं राहतात, स्टेशनांवर पिना, कंगवे असलं विकून पोट भरतात. पहिल्याच दारात सगुणा भेटली. पाणी मागितल्यावर भिंतीला हात लावत आत गेली, ग्लास काठोकाठ भरून एक थेंब न सांडता घेऊन आली. काकूंनी पिशवीतून फोटो काढला होता. सगुणाच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं तसा तो त्यांनी हळूच उलटा केला आणि आत ठेवला. पाणी प्यायल्या, "भरलेला राहो गं बाई तुझा हंडा" म्हणाल्या आणि उठल्या. "बिचारीला फोटो बघ म्हणणं बरं दिसलं नसतं," स्कूटरवर बसताना म्हणाल्या. एवढ्या वस्त्या पाण्याने जिंकणाऱ्या बाईला तोंडाने विचारायचं तेवढं त्या दिवशी सुचलं नाही.

पुढे पंधरवड्याने अंबरनाथच्या पुलावर काकू पिना घ्यायला वाकल्या आणि "कशा दिल्या?" म्हणाल्या. पिना विकणारी बाई थबकली. "मावशी, तुम्ही आमच्याकडे पाणी प्यायला आलेल्या ना? वांगणीला?" ती सगुणा होती. काकूंना कौतुक वाटलं. "आवाजावरून ओळखलंस?"

"तुमचा आवाज कोण विसरंल," सगुणा हसली. "त्या दिवशी तर आमचे आजोबा झोपेतून उठून बसले तुमच्या आवाजाने."

"कोण आजोबा?"

"आमचे म्हंजे, असेच भेटलेले. गाडीतनं उतरले, माझा हात धरला, म्हणले, बाई, खड्डा आहे. आन घरापोत्तर सोडलं. कुठं राहता विचारलं तर म्हणले, ड्युटी संपली की जाईन. मंग राहिलेच. रोज सकाळी आम्हाला धरून टेसनवर न्यायचे. शेजारी म्हणायचे, सगुणाचा बाप आलाय. आम्ही चौकशी केली ना मावशी, कुणाचा माणूस हरवलाय का म्हणून. लोक विचारायचे, दिसायला कसाय? आता ते आम्ही काय सांगावं?"

काकूंनी कठड्याला धरलं. "आणि हातात काय असायचं त्यांच्या?"

"डबा. कडी वाजायची त्याची."

त्या दिवशी काका आतल्या खोलीत झोपले होते, आमच्यापासून एका पडद्यावर. काकू निघाल्यावर ते उठून बाहेर आले आणि विचारायला लागले, "आमच्या घरची हाक आली का?" सगुणाने सांगितलं, पाणी प्यायला कुणी बाई आल्या होत्या, गेल्या. रात्रभर ते दाराशी बसून राहिले. सकाळी डबा उचलला आणि म्हणाले, "ड्युटी संपली. बोलावणं आलंय." ते गेले ते परत आले नाहीत. आपलं नावगाव विसरलेला माणूस बायकोचा आवाज ओळखून तिला शोधायला निघाला होता, आणि त्याच वेळी आम्ही बदलापुरात दुसऱ्याच कुणाच्या उंबऱ्यावर पाणी पीत होतो.

मला वाटलं, काकू आता कोसळतील, स्वतःला बोल लावतील. लावलाही, सगळ्या पुलासमोर, कपाळ बडवून. "मी तोंडाने का नाही विचारलं गं? आयुष्यभर हे तोंड चाललं, तिथेच कसं मिटलं?" मग आठवडाभर आम्ही वांगणीच्या आसपासची शेतं, फार्महाउसं, कर्जतपर्यंतची स्टेशनं पालथी घातली. कडी कुणीच ऐकली नव्हती. आठवडा संपला तसं काकूंनी फोटो माझ्या हातात दिला. "हा तू ठेव. हा नाही त्यांना आणणार."

त्यांनी सगुणाच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. मुलगा रागावला, बिल्डिंगवाले म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. सकाळपासून त्या दारात बसायच्या आणि मोठ्याने बोलत राहायच्या. गल्लीला वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, भाजीवाल्याशी भांडायच्या, कुणी नसलं तर नुसती हाक द्यायच्या, "अहो, डबा झालाय." सगुणाच्या ओळखीतले सगळे पुलापुलावर, गाडीगाडीत कान देऊन होते. मी रविवारी जायची. दर वेळी त्या मलाही पाणी मागायला लावायच्या, म्हणजे ग्लास परत घेताना काहीतरी मोठ्याने बोलता येईल.

थंडीत त्यांची छाती भरली आणि आवाज गेला. घशातून नुसती हवा यायची. औषध घेईनात, मीठ-पाण्याच्या गुळण्या मात्र सारख्या चालू. माझा हात धरून त्यांनी कुजबुजत विचारलं, "शुभा, इथून रस्त्यापर्यंत ऐकू जातं का गं?" मी हो म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. त्याच आठवड्यात त्या गेल्या. काकांचा अजून पत्ता नाही.

दिवसकार्य झाल्यावर खोली आवरायला मी वांगणीला गेले. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळवली आणि माझा हात ब्रेकवर आवळला. पुढून काकूंचा आवाज येत होता. "भरलेला राहो गं बाई तुझा हंडा." तोच खणखणीतपणा, तोच गावाकडचा हेल. काकूंच्या दारात, त्यांच्याच जागेवर, सगुणा बसली होती.

"ताई, तुम्हीच ना? गाडी ओळखली," ती म्हणाली. "मावशींनी शेवटी शिकवलं मला. रोज म्हणून घ्यायच्या. बरोबर येतं का? तुम्ही ऐकलाय त्यांचा आवाज जास्त."

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. म्हटलं, "शेवटचा शब्द थोडा खाली आण. आणि जोरात म्हण, रस्त्यापर्यंत जायला हवा."