गच्चीवर बिबडे थापणाऱ्या सुनंदाताई

भुताखेताचं मला कधीच खरं वाटलं नाही. कुणी सांगायला लागलं की मी हळूच उठून भांडी घासायला जाते. त्यामुळे हे एकीशिवाय कुणाला बोलले नाही... लिहून मात्र ठेवते.

जळगावला आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो सुनंदाताईंसाठी, माझ्या नणंदेसाठी. रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडे ट्रकची वजनं नोंदायचा प्रोग्राम युनिक्सवर चालायचा. तो विंडोजवर आणायचं काम ताईंकडे होतं. सोमवारी चालवून दाखवायचा होता. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बजावलं होतं — "जमलं तर कर नोकरी. नाही जमलं तर साक्रीचं स्थळ पक्कं करतो."

मी चौथी शिकलेली. तरी ताई मला सगळं समजावून सांगायच्या.

"वहिनी, युनिक्समध्ये फोर्क म्हटलं की प्रोग्राम स्वतःसारखाच दुसरा उभा करतो. दोघांचं सामान वेगळं, ज्याचा त्याचा ट्रक वेगळा. विंडोजमध्ये फोर्कच नाही. म्हणून मी थ्रेड केले — एकाच घरात, एकाच सामानावर काम करणारे. आता एका ट्रकचं वजन दुसऱ्याच्या नावावर चढतंय. तेही दर वेळी नाही! मी बघायला बसले की शहाण्यासारखं वागतं मेलं."

"मग बघूच नका त्याच्याकडे," मी म्हटलं. केवढ्या हसल्या!

शनिवारी दुपारी आमचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते. ज्वारीचा शिजवलेला घाटा गरम असतानाच ओल्या धोतरावर थापावा लागतो, गार झाला की वाया. सासूबाई पातेलं वर ठेवून आल्या होत्या. मी पाण्याची वाटी घेऊन गच्चीवर गेले, तर ताई ओढणी कमरेला बांधून भराभर थापत होत्या. एवढ्या काळजीत असूनही आल्या, मला फार कौतुक वाटलं. मी समोर बसून पातेल्यात हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. माझा हात बाहेर निघू द्या, मग तुमचा. दोघींनी एकदम घातला की कुणाचा गोळा कुणाकडे, कळत नाही." मग म्हणाल्या, "खाली जाऊन हे सांगा."

सासूबाईंना सांगायचं असेल, म्हणून मी उतरले. मधल्या खोलीत ताई कॉम्प्युटरपुढे बसलेल्या... हात कोरडे, बाजूला साय धरलेला गार चहा.

"ताई, तुम्ही वर..."

"मी सकाळपासून उठलेच नाही, वहिनी. काय झालं?"

मी निरोप तेवढा सांगितला. त्या पडद्याकडे वळल्या.

"कुलूप," म्हणाल्या. "वजनाला कुलूप लावायचं. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं!" आणि बोटं जी चालायला लागली...

मी गच्चीवर धावले. सासूबाई भरलेल्या धोतराकडे बघत उभ्या होत्या. "बठ्ठं व्हई गयं? पोर कामनी शे!" सगळं उरकलं म्हणून पोरीचं कौतुक चाललं होतं. दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी रावेरला प्रोग्राम एकदाही चुकला नाही. आबांनी साक्रीला नकार कळवला.

उन्हानं माझे डोळे दिपले म्हणावं, तर ते बिबडे आम्ही वर्षभर भाजून खाल्ले. ताईंना मी त्याच रात्री सगळं सांगितलं. मला याचं उत्तर सापडलं नाही. ताईंनाही नाही, आणि त्यांच्यासारखी हुशार बाई मी पाहिली नाही. त्यांनी पुढे एकदाच विषय काढला.

"वहिनी, ती गच्चीवरची... दमलेली दिसत होती का हो?"

"नाही ताई. गुणगुणत होती."