तुळजाबाईची तांबडी चिंधी

तुळजाबाईच्या घरात चिंधी फेकायची सोय नव्हती. विरलेलं लुगडं असो, फाटकं धोतर असो, की पोत्याला लावलेलं ठिगळ असो, सगळं धुऊन, वाळवून, घडी घालून तिच्या गाठोड्यात जायचं. राजूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात तिला पाठीमागं ‘चिंध्यांची पाटलीण’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण बाईची जीभ विळ्यासारखी चाले. त्या चिंध्यांच्या ती वाकळा शिवायची, आणि गावात कोणाच्याही घरी पाळणा हलला की पहिली वाकळ तुळजाबाईची ठरलेली.

लोकांना ती काटकसर वाटे. एकदा शेजारणीनं चूल पेटवायला तिच्या गाठोड्यातली एक चिंधी ओढली, तेव्हा मात्र तुळजाबाई अशी अंगावर धावून गेली की शेजारीण महिनाभर उंबरा चढली नाही. एका चिंधीपायी एवढं कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. पण तुळजाबाईनं आयुष्यात एकच चिंधी चुलीत घातली होती आणि त्या चिंधीनं घरातला एक माणूस नेला होता. हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. निजामाचं राज्य होतं. सासऱ्याच्या नावावर रानडुकरांसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता आणि ती बंदूक ओसरीवर खुंटीला टांगलेली असे. बंदुकीपायी घराला मान होता. दसऱ्याला गाव सिलंगणाला निघालं की वेशीवर ह्या घरची बंदूक वाजायची, मगच गाव शीव ओलांडायचं. सासरा दरवर्षी त्या दिवशी असा मिरवायचा, जणू रावण त्यानंच मारला.

ठासणीच्या बंदुकीची एक खोड असते. नळीतून दारू आणि छर्रे एकदा ठासले की ते वाजवल्याशिवाय सहजी निघत नाहीत. रात्रभर शेतातल्या माळ्यावर राखण बसून डुक्कर नाहीच आलं, तर दारू वाया कशाला घालवा, म्हणून बंदूक तशीच भरलेली घरी यायची. मग घरात कळावं म्हणून बंदुकीच्या घोड्याला तांबडी चिंधी बांधायची. चिंधी दिसली की भरलेली, नाही दिसली की रिकामी. म्हाताऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक म्हणून नव्या सुनेला सांगायचं कोणालाच सुचलं नाही.

तुळजाची ती पहिली खंडेनवमी. पूजेसाठी घरातली सगळी अवजारं घासूनपुसून लख्ख करायची असतात. विळे, कुऱ्हाडी, पाभरीचे फण झाले. सासू म्हणाली, “बंदूकबी पुस, कुठं घाण ठेवू नको.” पोरीनं बंदूक पुसली. घोड्याला एक तेलकट, काळवंडलेली चिंधी होती. देवापुढं हे कसलं ओंगळ, म्हणून तिनं ती सोडली आणि चुलीत टाकली.

थोरला दीर बद्रीनाथ आंघोळ करून आला. चिंधी नव्हती, म्हणजे बंदूक रिकामी. नळी साफ आहे का बघायला त्यानं पायाच्या अंगठ्यानं घोडा मागं दाबून धरला आणि नळीला तोंड लावून फुंकर मारली. अंगठा ओला होता, घोडा सटकला. पुढचं तुळजाबाईनं पाहिलं नाही, ऐकलं. त्यानंतर तिला ताशाचा आवाजही सोसत नसे.

आदल्या रात्री माळ्यावर तुळजाचा नवरा पुंजाराम होता. बंदूक त्यानंच भरली होती, त्यानंच खुंटीला लावली होती. “मी बांधल्ती चिंधी,” तो म्हणत राहिला. पंचांनी विचारलं, “बांधल्ती तर गेली कुठं?” बंदूक पुसलेल्या नव्या सुनेला विचारायचं कोणालाच सुचलं नाही. पंधरा दिवस तो “बांधल्ती” म्हणाला, मग “बांधल्यासारखं वाटतं” म्हणाला, आणि वर्ष उलटायच्या आत त्याचीच खात्री पटली की आपण बांधली नव्हती. भावाचा जीव आपल्या विसरण्यानं गेला.

बद्रीनाथची बायको चतुराबाई. पदरात पाच वर्षांचा कारभारी. ती आधी ह्या धाकट्या दिराची थट्टा करता करता जेवायला वाढायची. त्या दिवसापासून ती पुंजारामशी एक शब्द बोलली नाही आणि तिनं आपल्या हातानं त्याला पाण्याचा तांब्या दिला नाही. एका चुलीवर जेवायचं, एका ओसरीवर राहायचं, आणि तो शेतातून आला की ती घागरीपासून उठून आत जायची. पुंजारामनं तिचं शेत कसलं, कारभारीला शाळेत घातलं, कधी तोंड वर करून बोलला नाही. खंडेनवमीला तो पहाटेच रानात जायचा, उपाशी राहायचा.

आणि तुळजा गप्प होती. आधी सोळा वर्षांची होती, भ्याली होती. मग जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड झालं. चतुराबाईनं तिला धाकट्या बहिणीसारखं वागवलं होतं, दोन्ही बाळंतपणं केली होती. खरं सांगितलं तर नवरा सुटेल, पण जाऊ तुटेल. न सांगावं तर नवरा रोज डोळ्यांसमोर वाकत चाललेला. ह्या दोन दगडांमध्ये ती चौदा वर्षं राहिली. चिंधी मात्र तिनं तेव्हापासून एकही जाऊ दिली नाही.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली आणि गावोगावच्या बंदुका भोकरदनच्या कचेरीत जमा झाल्या. त्या दिवशी तुळजाबाईनं गुपचूप राजूरच्या गणपतीला नारळ फोडला. पण गणपतीनं नारळ घेतला आणि काम अर्धंच केलं म्हणायचं. तीन वर्षांत डुकरांनी ज्वारीचा पार फडशा पाडला, गावकऱ्यांनी अर्ज केले, आणि नवा परवाना होऊन बंदूक पुन्हा त्याच खुंटीवर येऊन बसली. आता पुंजारामच्या नावावर. तो तिला हात लावत नसे. कारभारी मोठा झाला तसा माळ्यावर तो जाऊ लागला. दसऱ्याला ती वाजवायचा मानही गावानं त्यालाच दिला.

सत्तावन्न सालची खंडेनवमी आली. कारभारीचं लग्न होऊन चार महिने झाले होते. नवी सून पुष्पा, सोळा-सतरा वर्षांची, चुणचुणीत, कामाला वाघीण. तुळजाबाई गोठ्यातून शेण घेऊन अंगणात आली आणि जागीच थांबली.

पुष्पा ओसरीच्या पायरीवर बसली होती. बंदुकीचा दस्ता खाली टेकवलेला, नळी तिच्या गालाला लागलेली, आणि पोरगी राखेनं घोडा घासत होती. डाव्या मुठीत तांबडी चिंधी होती.

ओरडावं तर पोरगी दचकेल. तिनं शेणाची पाटी हळूच खाली ठेवली आणि भाजी चिरताना बोलावं तशा आवाजात म्हणाली, “पुष्पे, हात काढ. घोड्यावरचा हात काढ, बाई. आता ती आडवी ठेव. अशी. तोंड भिताडाकडं कर तिचं. आता ऊठ आन्‌ माझ्याकडं ये.”

पुष्पा आली. “काय झालं, काकू? घाण चिंधी होती, चुलीत टाकायला निघाल्ते.”

तुळजाबाईनं तिला छातीशी धरलं आणि सोडेचना. पोरीला काही कळेना. तेवढ्यात कारभारी परसातून आला, बंदूक पाहून पळतच गेला, घोड्याखालची, दारू पेटवणारी टोपी काढून लांब फेकली. “भरलेली व्हती,” तो म्हणाला. “पहाटं आल्तो तवा भरलेलीच टांगली.”

चतुराबाई चुलीपासून उठून आली. लेकाचं तोंड पाहून तिला सगळं कळलं आणि तिचा तोल गेला. “मंग चिंधी का न्हाई बांधली? सुनेला मारतू का?”

“बांधल्ती, आई. शपथ, मी बांधल्ती.”

“बांधल्ती म्हणं. एकानं सांगितलं व्हतं तसंच.”

दारात पुंजाराम उभा होता. रानात जायला निघालेला, खांद्यावर घोंगडी. त्यानं ते ऐकलं आणि सवयीनं मान खाली घालून वाट धरली.

तुळजाबाईनं त्या पोरीकडं पाहिलं. राखेनं माखलेले हात, भेदरलेले डोळे. आज काही झालं असतं तर हिला कोणी बोल लावला असता का? हिचा काय दोष? हिला कोणी सांगितलंच नव्हतं. तुळजाबाईला ह्या पोरीची दया आली, आणि त्या दयेच्या लोंढ्यात चौदा वर्षांपूर्वीची ती दुसरी पोरगीही वाहत आली. तिची दया आजवर कोणीच केली नव्हती, तिनं स्वतःनंसुद्धा.

“थांबा,” ती नवऱ्याला म्हणाली. मग पुष्पाच्या मुठीतली चिंधी घेऊन तिनं सगळ्यांना दिसेल अशी धरली. “कारभारीनं बांधल्ती. ही पहा. पोरीनं देवाचं म्हणून सोडली. अक्का, त्या साली ह्यांनीबी बांधल्ती. मी सोडली. मला ठाव नव्हतं. मी चुलीत घातली आन्‌ आजवर बोलले न्हाई.”

पुंजाराम माघारी वळला. त्यानं बायकोकडं असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कोणाच्या घरची गोष्ट सांगते आहे.

“गाठी किती व्हत्या?” त्यानं विचारलं.

“दोन. वरची सुटली. खालची सुटंना, मंग मी दातानं सोडली.”

“दोनच,” पुंजाराम म्हणाला. “मी दोनच बांधतो.” तो पायरीवर बसला. “म्हंजे बांधल्ती मी.”

हे तो तीन-चारदा म्हणाला, आणि मग चाळीस वर्षांचा तो बाप्या ढसाढसा रडला. तुळजाबाईला वाटलं, आता हा उठेल आणि आपल्याला चार शब्द सुनावेल, आणि ते योग्यच होईल. त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, “भूक लागली. भाकरी हाय का?” खंडेनवमीला तो चौदा वर्षांत जेवला नव्हता. तुळजाबाईनं भाकरी वाढली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पोटभर श्वास घेतो आहोत. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून अंगणात ठेवल्यासारखं तिला हलकं वाटत होतं.

चतुराबाई मात्र तोवर आत गेली होती.

कारभारीनं बंदूक ओढ्यावर नेऊन बांधात झाडली. आवाज घरापर्यंत आला, आणि तुळजाबाईच्या हातातलं लाटणं पडलं नाही. दुसऱ्या दिवशी गावकरी बंदूक मागायला आले, तर पुंजाराम म्हणाला, “हलगी वाजवा. शीव हलगीनंबी वलांडता येती.” दोन म्हातारे जरा कुरकुरले. पण सिलंगण झालं, सोनं वाटलं, आणि कोणाचं काही अडलं नाही.

कचेरी उघडली त्या दिवशी काका-पुतणे राजूरहून मोटारीनं भोकरदनला गेले आणि बंदूक परवान्यासकट जमा करून मोकळे झाले. तिथला कारकून म्हणाला, “विचार करा. डुकरं पीक ठेवणार नाहीत.”

“डुकरं कणसंच खात्यात, साहेब,” पुंजाराम म्हणाला.

दुपारी टळटळीत उन्हात ते घरी आले. पुंजाराम ओसरीवर टेकला. तुळजाबाई घागरीकडं निघाली, तर चतुराबाई आधीच तिथं वाकलेली. तिनं तांब्या भरला, पदर सावरला आणि दिरापुढं धरला. “घ्या, भावजी.” पुंजारामनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि एका दमात संपवला. मग बळंच आणखी एक मागितला.

तुळजाबाईशी मात्र ती बोलत नव्हती. भाकरी वाढायची, शेजारी निजायची, पण शब्द नाही. तुळजाबाईनं तक्रार केली नाही. नवऱ्याच्या वाट्याचा चौदा वर्षांचा अबोला आता आपल्याकडं आलाय, आणि तो आपलाच होता, असं ती मानून चालली. रात्री तिला झोप मात्र छान लागायची, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटायची.

दिवाळी चार दिवसांवर आली. तुळजाबाई ओसरीवर वाकळ पसरून बसली होती. बंदुकीची खुंटी मोकळी झाली होती; पुष्पानं आता तिला कणसांची जुडी टांगली होती. चतुराबाई आली, वाकळेच्या दुसऱ्या टोकाला बसली. मांडीवर एक पांढरं धोतर होतं. घड्यांवर पिवळं पडलेलं, पण धड.

“त्यांचं हाय,” ती म्हणाली. “पेटीत ठेवल्तं.”

तुळजाबाईनं सुई वाकळेत खोचली.

“तू पोरसवदा व्हतीस,” चतुराबाई धोतराकडं बघतच म्हणाली. “मी जाणती व्हते. आन्‌ त्या माणसाला मी चौदा वर्सं पाणी दिलं न्हाई. म्या मनात लई घोळवलं, तुझा राग येतो का. येतो. पण भावजी पाणी प्याले तवापासून नीट येईना झाला.” तिनं धोतर पुढं सरकवलं. “हे वाकळेत घाल. पुष्पाला दिवस गेलेत.”

“फाडायचं?” तुळजाबाईनं विचारलं.

“मंग काय अख्खं घालती? फाड.”

धोतर फाडताना दोघी रडल्या. मग तुळजाबाईला पाण्यानं भरल्या डोळ्यांनी सुईत दोरा जाईना, तशी चतुराबाईनं सुई तिच्या हातातून ओढून घेतली, दोरा ओवला आणि म्हणाली, “सरक जरा, उजेड अडवून राह्यली तू.”