जिन्याखालचं गुडघाभर पाणी

मी नवी गाडी मुद्दाम अमावस्येला घरी आणलेला माणूस आहे, कारण त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नसते. भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळं हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. हसायचं तर हसा...

मी एका पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल शिकवतो. शहरात, गारखेड्यात आमचं रो-हाऊस आहे. मागच्या वर्षी आई गेली आणि लासूर स्टेशनजवळच्या गावातून वडिलांना, म्हणजे अण्णांना, मी इकडं घेऊन आलो. शेती बटाईनं दिली. इथं आल्यापासून त्यांचं बोलणंच बंद झालं. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. आईमागोमाग हेही जातात की काय, अशी मला धास्ती बसली होती.

"त्यांना काहीतरी सांभाळायला द्या," माझी बायको मेघा म्हणाली. म्हणून जिन्याखाली, जिथं वरच्या काचेतून ऊन येतं, तिथं माशांचं तळं करायचं ठरलं. प्लॅन मी स्वतः काढला. गुडघाभर खोली, खाली कोबा, वॉटरप्रूफिंग, निळ्या टाइल्स, कोपऱ्यात पंप आणि फिल्टर. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरला की मासे मरतात, म्हणून तळं भरायचं, मुरवायचं, उपसायचं, परत भरायचं. नळाची वाट बघत जगणाऱ्या आमच्या शहरात हा उद्योग! शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं.

शेवटचं पाणी भरलं त्या दिवशी अण्णा आपणहून खुर्चीतून उठले. मेघाकडं हळदीकुंकू मागितलं. उरलेल्या खडीतले सात गोटे निवडून धुतले, काठावर मांडले, कुंकू लावलं, नारळ फोडला. साती आसरा... पाण्यातल्या सात देवी. आमच्याकडं नव्या विहिरीला पाणी लागलं की काठावर त्यांना बसवतात. मी कौतुकानं फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

तासाभरात गावाहून कमल आत्याचा, म्हणजे अण्णांच्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"दादा, आरं काय केलंस हे? आसरा रानात, विहिरीवर बसवतेत. उंबऱ्याच्या आत त्यांला बोलवायचं नसतं."

"पाणी तिथं आसरा," अण्णा म्हणाले. "पाण्याला रान अन् घर काय ठावं?"

कित्येक महिन्यांनी ते कुणाशी तरी वाद घालत होते. मला लई भारी वाटलं. गोटे राहिले.

उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून मासे आणले. ते सगळे काठाला चिकटून फिरायचे. मध्यभागी एकही जायचा नाही. मध्ये टाकलेलं खाद्य तसंच तरंगत कुजायचं. पंपाच्या प्रवाहामुळं असेल म्हणून पंप बंद केला, तरी तेच. शिवाय ऐन उन्हाळ्यात, गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजत असताना, हे पाणी गारठलेलं असायचं. सावली आहे, मी म्हटलं. माझ्याकडं सगळ्याला उत्तर असायचं.

अण्णा मात्र दिवसभर पाण्याशी बोलायचे. मेघा एकदा म्हणाली, "अहो, ते मध्येच थांबतात. समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखे." मी तिलाच चिडवलं.

मग तो रविवार. भर दुपारी मी जिना उतरत होतो आणि अण्णा तळ्यात दिसले. गळ्यापर्यंत.

बसलेले नव्हते. ताठ उभे होते. चेहरा एकदम शांत.

मी काठावर आडवा झालो, एका हातानं त्यांचा दंड धरला आणि आधारासाठी दुसरा हात तळाला टेकवायला गेलो. हात खांद्यापर्यंत आत गेला... गाल पाण्याला लागला... पण तळ लागला नाही. मी काढलेला प्लॅन, मी स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या टाइल्स, आणि खाली काहीच नाही. अण्णांना ओढलं तर पलीकडूनही कुणीतरी ओढत होतं. जोरात नाही. निघालेल्या पाहुण्याचा हात धरून "बसा की अजून" म्हणतात, तेवढंच. मी मेघाला हाका मारल्या. ती धावत आली. दोघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं.

"कशाला वढलंस रं?" अण्णा रडत होते. "तुझी आई खाली थांबलीय."

संध्याकाळपर्यंत तळं उपसलं. खाली त्याच निळ्या टाइल्स. मी आत उतरलो, गुडघाभरच होतं. मासे ओळखीच्यांना दिले. आत्यानं येऊन गोटे गावच्या विहिरीवर नेले. खड्ड्यात मुरूम भरून वर फरशी बसवली. आता तिथं चपलांचा स्टँड आहे.

डॉक्टर म्हणतात, वडील पाण्यात बसले असतील, तुम्ही घाबरलात. असेलही. पण मेघानं माझी बाही खांद्यापर्यंत ओली पाहिली आहे.

अण्णा परत खुर्चीत असतात, गप्प. रोज सकाळी त्यांचे तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले आणि गार असतात, खूप वेळ पाण्यात उभं राहिल्यावर होतात तसे. अंथरूण कोरडं असतं. मलम लावून काही फरक नाही. आता सुरकुत्या घोट्याच्या वर आल्यात. मी ते पाय मांडीवर घेऊन टॉवेलनं पुसतो. मला भीती वाटते, आणि अण्णांचा रागही येतो.

परवा पाय पुसताना न राहवून विचारलं, "अण्णा, तुम्हाला जायचंय का?"

ते माझ्या हातांकडं बघत राहिले.

"तू सोडशील तवा," म्हणाले.

मी पाय पुसत राहिलो.