लाल काचेचा दिवा

आमच्या खालच्या मजल्यावर एक पोलिश आजी राहतात. शिकागोजवळ शॉमबर्गला आल्यावर पहिले आठ महिने मी त्यांच्याकडे बघून लिफ्टमध्ये नुसती हसायचे. मग एकदा त्यांनी माझं गाव विचारलं. कोल्हापूर इथं कुणाला माहीत नसतं, म्हणून मी सवयीने "पुण्याजवळ" म्हणाले.

"जवळ म्हणजे कुठे?"

नाइलाजाने कोल्हापूर म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "पाणी. केळी. चल चल."

महायुद्धात घरदार गेलेल्या हजारो पोलिश बायकामुलांची कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणी होती. आजी तिथे पाच-सहा वर्षांच्या असताना आल्या. मी कोल्हापुरातच इंग्रजी शाळेत शिकले, युरोपचा इतिहास घोकला. वळिवडे म्हणजे माझ्यासाठी बसवरची पाटी होती.

आजींचा दोन वर्षांचा भाऊ त्या छावणीत तापाने गेला. कोल्हापुरातल्या पोलिश दफनभूमीत त्याला पुरलं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला पोलिश लोक आपल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतात. आईच्या कबरीवर आजी इथे शिकागोत दरवर्षी लावतात. "पण त्याला आम्ही निघाल्यापासून दिवा नाही," त्या म्हणाल्या. "आई शेवटपर्यंत तेच बोलत होती."

मी चुलतबहिणीच्या लग्नाला डिसेंबरात कोल्हापूरला निघाले, तेव्हा त्यांनी पोलिश दुकानातून एक दिवा आणून दिला. लाल काच, वर पत्र्याचं झाकण, आत मेण. सोबत त्यांच्या आईने काढलेला नकाशा: फाटक, तिसरी रांग, भिंतीकडून दुसरी कबर.

"तारखेचं काही नाही," त्या म्हणाल्या. "फक्त लाव."

लग्नघरात तिसऱ्या दिवशी मी काकीला सांगितलं.

"आत्ता गं! पोरीला हळद लागायची आणि तू स्मशानात निघालीस?"

"काकी, पंधरा मिनिटांचं काम आहे."

"आणि आल्यावर डोक्यावरनं आंघोळ कोण घालणार? पावणी बघतात. काय नको. लग्न झाल्यावर जा."

मी "बरं" म्हटलं. मला ते चांगलं जमतं.

लग्नानंतर दोन दिवस होते. एक पूजेत गेला, एक खरेदीत. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. रिक्षाने वीस मिनिटं लागली असती. पण पुन्हा विषय काढायचा, पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं, याचा मला कंटाळा आला. भीती म्हणण्याइतकंही ते मोठं नव्हतं.

निघायच्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. काकीने माझ्या उघड्या बॅगेतला दिवा काढला, पेटवला आणि ओट्यावर ठेवला. "अमेरिकेचं बरं जळतंय की गं!" त्या उजेडात आम्ही लाडवांचे डबे भरले.

परत आल्यावर आजी दारातच उभ्या होत्या.

"नीट जळला?"

"हो."

"वाऱ्याने विझला नाही ना?"

"नाही."

"तू थांबलीस का थोडा वेळ?"

"शेवटपर्यंत होते."

प्रत्येक उत्तर दिव्यापुरतं खरं होतं.

ही गोष्ट आजींनी आमच्या बिल्डिंगमधल्या एका मराठी काकूंना सांगितली आणि इथल्या मराठी मंडळाने आजींचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, फोटो. अध्यक्ष काका माइकवर म्हणाले, "आपल्या कोल्हापूरने या आजींना आसरा दिला! जोरदार टाळ्या!" मग हलक्या आवाजात, "आजी, टू वर्ड्स. ओन्ली टू. जेवण गार होतंय."

"मराठीत बोलायला लावा ना, मी व्हिडिओ करतेय," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

आजी इंग्रजीतच बोलल्या. "तिथे आम्हाला पोटभर जेवण मिळालं. माझा भाऊ तिथेच आहे. या मुलीने त्याला दिवा लावला. आता माझी आई झोपेल."

टाळ्या पडल्या. काका म्हणाले, "याला म्हणतात संस्कार!" लोक वळून माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले.

पार्किंगमध्ये आजींनी खांद्यावरची शाल काढून माझ्या हातात दिली. "पुढच्या वेळी ही त्याच्यावर घाल. शेवटी शेवटी त्याला फार थंडी वाजत होती."

पुढची वेळ कधी येईल, माहीत नाही. व्हिसाच्या भानगडीत देशाबाहेर पडू नका, असं ऑफिसने सांगितलंय. चुलतबहिणीला फोन केला तर ती अर्ध्या तासात दिवा लावून येईल. पण मग तो लावायचा राहिला होता, हे तिला सांगावं लागेल. ती काकीला सांगेल. काकी म्हणेल, अगं, मग मी पेटवला तो कुठला?

शाल कपाटात आहे, नकाशा तिच्या घडीत. काल लिफ्टमध्ये आजींनी विचारलं, "कधी जाणार?"

"डिसेंबरात," मी म्हणाले.